मडक्यातला बेस

रुपरावांच्या स्टिरिओतून बेस गायब झाला, तेव्हा घरात कुणाचंच काही अडलं नाही. अडलं ते एकट्या रुपरावांचं.

त्यांच्याकडे एक कॅसेट होती. कोजागिरीच्या कार्यक्रमात ते गायले होते आणि ढोलकीवर थोरले भाऊ मनोहरराव होते. गाणं मधेच असं कोसळलं, की लोक दुधाचे पेले सांडेपर्यंत हसले. "तू ताल सोडला," मनोहरराव म्हणाले. "तुम्ही ठेका सोडला," रुपराव म्हणाले. झालं! त्या रात्रीपासून सख्ख्या भावांची बोलचाल बंद. खरं काय ते कॅसेटमध्येच होतं. पण स्पीकरमधून नुसता रुपरावांचा गळा ऐकू यायचा, ढोलकीची थाप यायचीच नाही. त्यामुळे दर वेळी रुपरावच चुकलेले वाटत.

मग त्यांना मडकं आठवलं. लहानपणी शहराच्या महाल भागातल्या घरी मनोहररावांनीच मडक्याच्या तोंडावर स्पीकर पालथा घातला होता. काय दणका होता तो! अख्खी गल्ली गोळा झाली होती, आणि आईनं दोघांनाही सारखंच बदडलं होतं. ते दिवस आठवले की रुपरावांना अजून भरून येई.

"माझ्या माठाले हात लावून तर पाहा!" प्रेमलताबाईंनी नवऱ्याला आधीच बजावलं.

रुपराव तडक महालात गेले. मडकं, स्पीकरच्या फाटक्या जाळीवर लावायला पांढरं कापड, खोक्यात भरायला कापूस, स्टँडसाठी दोन बांबू. सगळं एकाच दुकानात मिळालं म्हणून स्वारी खूश.

"किती वाजताचं आहे?" दुकानदारानं हळू आवाजात विचारलं.

"चारले सुरू करू म्हणतो."

"वय काय होतं?"

रुपरावांना वाटलं, स्पीकरचं विचारतोय. "तीसेक वर्षं. आवाज पार बसला होता गा. छातीतून निघेच ना. किती जणांले दाखवलं, सगळ्यांनी हात टेकले. पोरावानी जपलं होतं मी त्याले!"

दुकानदाराचे डोळे भरून आले. "तुम्ही मनोहररावांचे भाऊ ना? त्याईले कळवलं काय?"

"काहून कळवू?" रुपराव उसळले. "त्याईनं आता येऊनच पाहावं!"

चार वाजता अंगणात मडक्यावर स्पीकर बसला. उरलेलं कापड आणि बांबू दाराशी पडले होते. रुपराव कॅसेट घालणार, तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला आणि मनोहरराव उतरले. पायात चप्पल नाही, शर्टाची बटणं खालीवर. बांबू दिसले आणि त्यांनी फाटकच धरलं.

"माझा विक्रम कुठी हाय गा?"

"विक्रम? पुण्याले, ऑफिसात," मुलाचं नाव ऐकून प्रेमलताबाई गोंधळून म्हणाल्या. "आताच तर फोन आला होता त्याचा. काहून वो भाऊजी?"

मनोहरराव मटकन पायरीवर बसले आणि पोरासारखे रडले. मग उठून त्यांनी धाकट्या भावाच्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला.

"अबे, त्या दुकानदारानं मले निरोप धाडला! मग हे मौतीचं सामान काहून आणलं?"

"बेससाठी, भाऊ."

"बाप्पा! मडक्यावर स्पीकर? हे तर माही आयडिया!" मनोहररावांनी डोळे पुसले. "लाव, ऐकू दे."

कॅसेट सुरू झाली. धुम्म! खिडकीची तावदानं थरथरली. ढोलकी अशी घुमली, की वीस घरांपलीकडे जावी. आणि मग ती जागा आली. आता काही झाकलं राहिलंच नाही. ठेका आधी सुटला होता, स्वच्छ सुटला होता. गळा बिचारा त्याच्यामागे धडपडत गेला होता. प्रेमलताबाईंनासुद्धा ते कळलं. त्या बोलायला तोंड उघडणार, तोच रुपरावांनी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

मनोहरराव मान डोलवत होते. धुळीनं माखलेले त्यांचे अनवाणी पाय ठेका धरत होते, तेही चुकीचाच.

"काय गा, कोण चुकलं मग?"

रुपरावांच्या ओठांवर एवढ्या दिवसांचं उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मीच, भाऊ."

"सांगत होतो ना तुले!" मनोहररावांचा चेहरा फुलला. "प्रेमलता, चहा टाक. अन् तू पुन्हा लाव ते गाणं."

रुपरावांनी कॅसेट मागे घेतली, आणि भावाकडे पाठ करून बेसचं बटण हळूच कमी केलं.