मध्यम आकाराचा ट्रॅक्टर निवड समिती, पार्से

घाईत घेतलेला निर्णय पुष्कळदा चुकतो. न घेतलेला निर्णय मात्र आजवर एकदाही चुकलेला नाही. पार्सेच्या दत्तारामबाबांनी पणजीच्या एका सरकारी खात्यात अठ्ठावीस वर्षे याच तत्त्वावर काढली. गोवा केंद्रशासित असताना त्यांनी उघडलेली खुर्च्यांच्या खरेदीची फाईल घटकराज्य झाल्यावर बंद झाली. तोवर मंडळी उभ्यानेच उत्तम काम करू लागली होती.

ते निवृत्त होऊन गावी आले, त्याच वर्षी शेजारच्या शांतारामने बैल विकले. दत्तारामबाबांचे शेत आजवर तेच बैल नांगरत. शेत अडीच हजार चौरस मीटर (मेरा, म्हणजे बांध, धरून). आता स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचा, आणि तो मध्यम आकाराचा, असे दत्तारामबाबांनी जाहीर केले. लहान घेतला तर लोक हसतील, मोठा घेतला तर वळताना शांतारामच्या शेतात जाईल.

"आणि पेरतलात कधी?" बायकोने, शेवंतीने विचारले.

तिचे विचारणे रास्त होते. तिच्याजवळ तांबड्या भाताचे बियाणे होते, मुळगावच्या माहेरचे, राख लावून मडक्यात ठेवलेले. माहेरचे शेत खाणीच्या मातीखाली गेले, तेव्हापासून ते भात फक्त या मडक्यात उरले होते. बियाणे फार वर्षे थांबत नाही. (फाईल थांबते.)

रीतसर समिती बसली. अध्यक्ष दत्तारामबाब. तांत्रिक सदस्य शेवंतीचा भाऊ विनायक. तो खाणीवर ट्रक चालवायचा, म्हणजे चाके असलेल्या सर्व वस्तूंतला जाणकार. शेवंतीकडे चहा आणि उंडे (म्हणजे गोल पाव) हे खाते आले.

पहिले वर्ष तुलनात्मक तक्ता आखण्यात गेले. ताकद, डिझेल, टायर, कंबरदुखीवाल्यास सीट मानवते काय, रंग हमरस्त्यावरून दिसतो काय, असे एकतीस रकाने झाले. शेत नांगरायला दोन तास पुरतील, असे विनायकाने सांगितले. उरलेल्या आठ हजार सातशे अठ्ठावन्न तासांत ट्रॅक्टर कुठे उभा करायचा, यासाठी उपसमिती नेमावी लागली. (तिचेही सदस्य तेच.) मध्येच शांतारामने छोटा पॉवर टिलर घेतला आणि "तुमचा शेत करून दितंय," म्हणाला. समितीने यंत्र पाहिले व नामंजूर केले. त्याला सीट नव्हती. चिखलातून मागे चालावे लागे.

दुसऱ्या वर्षी तक्त्यात लाल आणि निळा यांना सारखेच गुण पडले. पेच मोठा, म्हणून समितीने ग्रामदेवीला कौल लावला. देवीच्या अंगावर चिकटवलेल्या फुलांच्या पाकळ्यांतली उजवी पडली तर लाल, डावी पडली तर निळा. गुरवाने गाऱ्हाणे घातले. दोन तास झाले, पाकळी जागची हलली नाही. दत्तारामबाबांनी वहीत नोंद केली: 'देवीकडून उत्तर अप्राप्त. स्मरणपत्र द्यावे.' शेतात गवत कमरेएवढे झाले.

तिसऱ्या वर्षी हिरव्या रंगाचे सुधारित माहितीपत्रक आल्याचे कळले आणि दत्तारामबाब ते आणायला पणजीला गेले. चार दिवस पुतण्याकडे राहून, पत्रक छत्रीसारखे जपत, ते बसमधून उतरले आणि रस्त्यावरच थबकले. शेत नांगरलेले होते. पलीकडे शांताराम टिलर धूत होता. शेवंती गुडघाभर चिखलात उभी राहून सूप कमरेला लावून बियाणे फेकत होती.

"समितीची मंजुरी नसताना?" दत्तारामबाब मेरेवरून म्हणाले.

"देवीची आसा. तुमी गेलात त्याच दिवशी कौल घेतलंय."

"आमका पाकळी दिली नाय ती!"

"तुमी ट्रॅक्टर खंयचो ता इचारलात. मिया इचारलंय, पेरू? गुरवाचा गाऱ्हाणा संपूच्या आदी उजवी पडली."

दत्तारामबाबांनी सुपात पाहिले. निम्म्या दाण्यांना मोड आले होते. निम्मे तसेच, काळपट.

"हे?"

"ते नाय रुजूचे. थांबून थांबून मेले." ती रागावली नव्हती, आणि तेच त्यांना फार लागले.

अर्धे माहेर आपल्या एकतीस रकान्यांत गेले, हे त्यांना उभ्या उभ्या कळले. अठ्ठावीस वर्षांत आली नव्हती एवढी लाज त्यांना त्या मेरेवर आली. त्यांनी माहितीपत्रक खाली ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते चिखलात उतरले. (सीट नव्हती.)

समिती मात्र बरखास्त झालेली नाही. तो अधिकार कोणाचा, हे ठरायचे आहे. विनायक एकटाच बैठकीला येतो आणि उंडे संपवतो. अध्यक्षपद रिकामे आहे. उमेदवाराची गावात थोडीतरी जमीन असावी, तिची मेर त्याने शेवटची कधी पाहिली ते त्याला आठवत नसावे, आणि तिचे काय करायचे याचा त्याचा विचार अजून चालू असावा. वेगळा अर्ज करायची गरज नाही. इथवर आपण बसून वाचलेत, हसलातही. आपले नाव वहीत घातले आहे.