सोनाबाईचा धवला आणि तापलेला लॅपटॉप

"हळदीला आजी पडद्यावर अशी दिसेल, की पुढच्या रांगेतली माणसं उठून पाया पडतील!" निकेशने भावकीसमोर जाहीर केलं. बापाची, म्हणजे काशीरामची, छाती ओटीच्या खांबाला टेकेल इतकी फुगली.

कामोठे गावात निकेशच्या धाकट्या बहिणीचं, रंजिताचं, लग्न होतं. काशीरामची आई सोनाबाई मोठी धवलारीण, म्हणजे लग्नातले धवले, विधीची गाणी, गाणारी. तिने धवला गायल्याशिवाय आसपासच्या गावांत हळद लागत नसे. ती गेली तेव्हा रंजिताचा जन्मही झाला नव्हता. मागे उरली एक व्हिडिओ कॅसेट, तीही बुरशी धरलेली. स्टुडिओवाल्या परेशने तिची फाईल करून दिली, पण आजी त्यात धुक्यात उभी असल्यासारखी दिसे. लेकीच्या हळदीला आयचा चेहरा एकदा नीट दिसावा, एवढंच काशीरामला हवं होतं.

"परेश साफ पन करून देल," तो म्हणाला.

"परेश कशाला, बाबा? माझ्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. लिनक्सवर कंटेनर चालवतो. कंटेनर म्हणजे डबा समजा. सगळा पसारा डब्यात. काम झालं की डबा आपोआप नाहीसा. माझ्या मशीनवर कचऱ्याचा कण राहत नाही."

काशीरामला यातला डबा तेवढा कळला. पण पोरगा शिकलेला, म्हणून त्याने मान डोलावली.

डबा सुरू झाला. पण ते महागडं कार्ड डब्याबाहेर गाढ झोपलेलं, आणि आत बिचारा प्रोसेसर एकटाच घाम गाळतोय. त्या गतीने आजी साफ होईपर्यंत रंजिताच्या नातीची हळद आली असती. निकेशने कार्ड चालवणारा नवा ड्रायव्हर टाकला, तर लॅपटॉपचा पडदाच काळा झाला. जुना टाकला तेव्हा पडदा आला, पण कार्ड गायब झालं. बाहेर मांडव घालायला माणसं कमी पडत होती आणि हा दार लावून यंत्राच्या विनवण्या करत बसला होता.

हळदीच्या सकाळी एकदाचा योग्य हुकूम सापडला आणि कार्ड डब्यात शिरलं. पंखा असा घोंघावला की हौसाआत्या हातातली भाकरी टाकून धावत आली.

"निक्या, याला ताप हाय. पान्याची पट्टी ठेवू काय?"

"आत्या, हात लावू नको. ही ताकद आहे."

तिन्हीसांजेला काम पुरं झालं. निकेशने व्हिडिओचा एक तुकडा चालवून पाहिला. कपाळावरचं गोंदण, नाकातली नथ, सगळं लख्ख. त्याने बापाला हाक मारली.

"बाबा, झालं. आता बघा, पसारा कसा जातो ते."

त्याने ऐटीत डबा बंद केला. डबा नाहीसा झाला. आणि डब्यातच असलेली आजीही त्याच्यासोबत गेली. कार्डाला आत यायची वाट देण्याच्या नादात व्हिडिओला बाहेर पडायची वाट द्यायचीच राहिली होती.

"मना दाव की," काशीराम म्हणाला.

"आता नको. पडद्यावरच बघा," निकेश कसाबसा म्हणाला. सायन-पनवेल हायवे जवळच होता, पळून जायची सोय चांगली होती. पण मांडवातून हाका सुरू झाल्या, तेव्हा त्याने परेशची जुनीच फाईल पेन ड्राइव्हमध्ये भरली आणि पडदा चालवणाऱ्या परेशच्याच हातात ठेवली.

पडद्यावर धुकं आलं. धुक्यातून सोनाबाईचा आवाज आला. दुसऱ्या ओळीला पुढच्या म्हाताऱ्यांनी सूर धरला.

"बया, नथ कशी चमकते बगा," हौसाआत्या म्हणाली. मग सगळ्यांनाच नथ दिसू लागली. पुढची रांग खरोखर उठली आणि पाया पडली. रंजिताने हळदीचे हात जोडले. काशीरामने टॉवेलने डोळे पुसले, तेव्हा निकेशलाही भरून आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

काशीरामने माईक घेतला. "माज्या पोराच्या लॅपटॉपनं माजी आय परत आनली!"

टाळ्या पडल्या. भावकीतल्या घरांनी आपापल्या कॅसेटी साफ करायला निकेशकडे द्यायचं जागच्या जागी कबूल केलं.

परेश निकेशच्या कानाशी आला. "ही तर मी दिलेलीच फाईल."

"हो."

"मग लॅपटॉपनं केलं काय?"

निकेशने आधी बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"तापला," तो म्हणाला.