डाव्या विंगमधले सदूकाका

गंगेकाठी बालाजी घाटावरच्या आमच्या छोट्या नाट्यगृहाचा इतिहास कुणाला हवा असला की तो माझ्याकडे येतो. मंडळातला मीच आता सर्वांत जुना. दर वेळी मी सगळं सांगतो, फक्त सदूकाकांचा विषय आला की घाईने पुढे सरकतो. इतकी वर्षं हे टाळलं. आज नाही टाळत.

सदूकाका आमचे प्रॉम्प्टर. सकाळी पंचगंगा घाटावर यजमानांना संकल्प सांगायचे आणि संध्याकाळी डाव्या विंगमध्ये उभे राहून नटांना वाक्यं. आवाज दोन्हीकडे एकच. बाकीचे प्रॉम्प्टर कुजबुजतात, काका गर्जायचे. त्यामुळे आमचं नाटक प्रेक्षकांना दोनदा ऐकू यायचं, आधी काकांकडून, मग नटाकडून. पुष्कळांना पहिलंच जास्त आवडायचं.

नटांनी हळू बोलायची विनंती केली की काका म्हणत, "गुरू, आवाज पार रेतीत गेला पाहिजे." गंगेपलीकडच्या वाळूवर नाटक ऐकायला कोण बसलंय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आमचं मराठी निम्मं हिंदी. एकदा राजा रंगात येऊन म्हणाला, "प्रधानजी, जरा सुनिए तो." विंगमधून दुरुस्ती आली, "ऐका तरी." राजाने मुकाट्याने पुन्हा म्हटलं. सरकारविरुद्ध कुणी काही बोलतंय का, हे ऐकायला कोतवालीतून एक मुंशीजी येत. त्यांना मराठीचं अक्षर कळत नसे. त्यांनी वर कळवलं म्हणे, की यांचा मुख्य नट फार चांगला आहे, पण तो कधी दिसत नाही.

तर, एका गणेशोत्सवात मी राजा होतो. पहिल्या रांगेत एक कडक शास्त्रीबुवा बसले होते. त्यांच्या मुलीशी, गोदाशी, माझ्या लग्नाची बोलणी चालली होती आणि नाटक संपल्यावर ते होकार-नकार सांगणार होते. दुपारी मित्रांनी ठंडाई पाजली. तिच्यात भांग होती. ते मला माहीत होतं, तरी मी प्यालो.

पहिला अंक निभावला. दुसऱ्यात राणी वनवासाला निघाली आणि मी गप्प. काकांनी वाक्य दिलं, "राणी, माझं काळीज तुटतं."

मी विंगकडे वळून कळवळून विचारलं, "का हो काका, काय झालं?"

त्यांनी तेच वाक्य आणखी मोठ्याने दिलं. मी त्यांना बसायला सांगितलं, थोडं पाणी प्या म्हटलं, आणि मग मला जे हसू फुटलं ते थांबेचना. शास्त्रीबुवा उपरणं सावरत उठले.

तेव्हा काका आयुष्यात पहिल्यांदा रंगमंचावर आले. हातात पोथी, नाकावर चष्मा. प्रेक्षकांना हात जोडून म्हणाले, "मंडळी, दोष माझा. पानं उलटसुलट झाली, भलत्याच ठिकाणचं वाक्य दिलं. पोरगा बिचारा गोंधळला."

शास्त्रीबुवा खाली बसले. लग्न ठरलं. मंडळाने काकांना काढून एक हळू बोलणारा तरुण नेमला. 'सदूकाकांचा घोटाळा' हा पुढे सगळ्यांचा आवडता किस्सा झाला. तो सांगताना हसणाऱ्यांत मीही असायचो.

लग्नानंतर एका नाटकाहून परतताना गोदा म्हणाली, "काकूंना आता नाटक कळत नाही हो."

सदूकाकांच्या बायकोला फार कमी ऐकू यायचं. त्या बायकांच्या बाजूला चिकाच्या पडद्यामागे, अगदी शेवटी बसायच्या. पूर्वी बरोबर जागी हसायच्या, रडायच्या. आता शेजारणींची तोंडं बघून हसतात, असं गोदा सांगत होती.

"काका त्यांच्यासाठीच ओरडायचे. ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी मंगला गौरीच्या देवळापाशी काकांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेभर घोकलं होतं. काका ओट्यावर बसून काकूंच्या कानाशी तोंड नेऊन आदल्या दिवशीचं नाटक म्हणत होते. राजाचं जाड आवाजात, राणीचं बारीक आवाजात. काकू पदराने डोळे टिपत होत्या. मला काकांनी हातानेच बसायला सांगितलं.

अंक संपल्यावर त्यांनी विचारलं, "काय गुरू, काही काम होतं?"

"नाही," मी म्हणालो, "सहज आलो होतो."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मी काय म्हणालो म्हणून. काकांनी त्यांच्या कानात गर्जून सांगितलं, "सहज आलाय."