एक मरण कमी पडलं

अगं, आधी ऐक तर, हसायचं मग बघू. आमची इतिहासवाली माहितीये ना तुला, कॉमिक्सच्या ऑफिसात धुरकटचा इतिहास सांभाळते ती? धुरकट म्हणजे भुताखेतांच्या केसेस सोडवणारा गुप्तहेर. त्या ऑफिसची रीतच अशी, की गोष्ट अडली की लेखक धुरकटला मारून मोकळा होतो आणि पुढचा लेखक मागचं काही न वाचता त्याला उठवतो.

तर पाचशेवा अंक आला. संपादकांनी हिला फर्मावलं, धुरकटचा जन्मापासूनचा इतिहास एका पानात बसव, आणि वाचकांनी एक जरी चूक काढली तर खुर्ची रिकामी कर. बाई बसली मोजायला. मरणं सहा. उठणं सात. परत मोजलं, तरी तेच. म्हणजे एकदा धडधाकट माणसालाच उठवलं होतं. तिने त्या वेळच्या म्हाताऱ्या लेखकाला फोन लावला.

"काका, तो जिवंत होता हो."

"असेल. मला वाटलं मेला असेल. नेहमी असायचा."

पाच वाजता पान छापायला जाणार, आणि एक मरण कमी. तेही कुठल्याच अंकात न आलेलं हवं, म्हणजे दोन अंकांच्या मधल्या पंधरवड्यातलं. तिथे ऐनवेळी राक्षस कुठून आणायचा? तिने लिहून टाकलं: अंक दोनशे बारानंतर, सुट्टीवर असताना, बाथरूममध्ये साबणावरून पाय घसरून निधन. पुढच्या अंकात पुनरागमन.

आता बघ हं. याआधी त्याला राक्षसाने गिळलं, आरशात कोंडून जाळलं, चंद्रावरून ढकललं, तेव्हा एकानेही हूं की चूं केलं नाही. साबण मात्र सगळ्यांना पटला. आमच्या मामांचं अगदी असंच झालं, अशी पत्रं आली. पुनरागमनावर कोणाचा विश्वासच बसेना. साबणावरून गेलेला माणूस कधी परत येतो होय? मग गेली अकरा वर्षं केसेस सोडवणारा हा तोतया कोण, ते सांगा, नाहीतर अंक बंद.

शुक्रवारी दुपारी तर पंचवीस-तीस माणसं ऑफिसात येऊन नुसती गप्प बसली. संपादकांनी तिला काचेच्या केबिनमध्ये ओढलं.

"बाहेर जा आणि सांग, तो जिवंत आहे. नाहीतर तू घरी."

ती गेली, घसा खाकरला. पुढच्याच खुर्चीवरच्या आजींनी तिचा हात धरला.

"पायपुसणं नव्हतं का गं घातलेलं?"

तिने काचेकडे पाहिलं. संपादक डोळे वटारून उभे.

"होतं हो आजी. ओलं होतं."

"फार त्रास झाला का?"

"नाही. पटकन गेले," म्हणाली, आणि स्वतःच रडायला लागली. तिकडे संपादक काचेवर टकटक करतायत, इकडे ही नाक पुसत सगळ्यांना पाणी देतेय.

खरं सांग, तू असतीस तर आजींना काय सांगितलं असतंस?