बालवाडीतलं सुझुका

"बाबा, नुसतं अंड्याच्या आकाराचं रिंगण काढायचंय हं. बाकी काही नाही," शिओरीनं ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, डब्यात भरता भरता सासऱ्यांना परत बजावलं. पाठीला बांधलेलं बाळ तिचे केस ओढत होतं.

"मला अंडं काढता येत नाही का?" असं म्हणून तोकुजी बालवाडीकडे निघालेसुद्धा.

क्रीडादिनाला बालवाडीच्या मैदानावर चुन्याची फक्की मारून शर्यतीचा मार्ग आखून द्यायचं काम आजोबा मंडळींचं असे. यंदा ते तोकुजी आणि शेजारच्या कुसुदांच्या वाट्याला आलं, आणि गोम तिथेच होती. दोघंही मोटारशर्यतीचे वेडे. तोकुजी हिबिनो जन्मापासून गोतेम्बाचे, त्यामुळे जवळच्या फुजीच्या सर्किटवर, तिथल्या लांबलचक सरळ रस्त्यावर त्यांचा जीव. कुसुदा मूळचे सुझुकाचे. तिथली वळणं सोडून जगात दुसरं सर्किट आहे हेच त्यांना मान्य नव्हतं. शर्यतीच्या रविवारी दोघं टीव्हीसमोर भांडायला बसत. एकमत व्हायचं ते फक्त कॉमेंट्री करणाऱ्याला शिव्या घालताना.

"किंचाळतो कशाला हा? घराला आग लागलीय का?" तोकुजी करवादायचे. "आणि सारखी ती पहिलीच गाडी! अरे, खरी झुंज मागे चाललीय. तिकडे बघ की जरा!"

शिओरीला घोर होता तो वेगळाच. गेल्या वर्षी तिची लेक कोहाकू धावता धावता मधेच मट्‌कन खाली बसली होती आणि रडतच राहिली होती. शेवटी बाईंनी तिला उचलून नेलं. यंदा बालवाडीचं शेवटचं वर्ष, आणि आठवडाभर पोरीचं एकच चाललं होतं, "मी नाही धावणार. मी शेवटीच असते, आणि सगळे पहिल्याकडेच बघतात." शिओरीला नंबर नको होता. पोरीनं शेवटची रेघ स्वतःच्या पायांनी ओलांडावी, एवढंच तिचं मागणं होतं.

मैदानावर अर्धं अंडं अगदी सुबक निघालं. मग कुसुदा थबकले.

"हे म्हणजे परातीच्या कडेनं मुंगी फिरल्यासारखं झालं. ह्यात कसब काय? वळण कसं हवं... असं, मग लगेच असं, की परत असं!" फक्कीची गाडी हातात धरून ते झोकात चालून दाखवू लागले.

"वळणंच वळणं! मग गाडी पळवायची कधी?" तोकुजींनी गाडी हिसकावून घेतली. "रस्ता सरळ पाहिजे, सरळ! हा असा!"

"आणि टोकाला?"

"टोकाला करकचून ब्रेक! असा!"

गाडीतून फक्की पडतेय, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. बाळाला घेऊन शिओरी पोचली, तेव्हा मैदानभर पांढरीशुभ्र जिलबी पसरली होती.

"बाबा... हे काय आहे?"

दोघांनी वळून पाहिलं.

"हे एस-वळण," कुसुदा हळूच म्हणाले.

"आणि हा सरळ रस्ता," तोकुजींनाही राहवलं नाही. "चांगला झालाय. ह्याचं वळण तेवढं आखूड पडलं."

झाडूनं पुसायला गेले तर फक्की आणखीनच पसरली. तोवर कुंपणाबाहेर लाल-पांढऱ्या टोप्या जमल्या होत्या आणि "हा आमचा रस्ता!" म्हणून पोरं नाचत होती. मुख्याध्यापिका उएमात्सुबाई आल्या. त्यांनी मैदान पाहिलं, आजोबांना पाहिलं. तोकुजी आणि कुसुदा कमरेतून इतके वाकले की टोप्या खाली पडल्या. "राहू द्या. आज मुलं ह्याच रस्त्यानं पळतील," बाई म्हणाल्या.

पहिल्याच शर्यतीत माइकवरच्या तरुण बाईंचा पार गोंधळ उडाला. "मुलं उजवीकडे... नाही, डावीकडे... परत उजवी... माफ करा हं!" उएमात्सुबाईंनी शांतपणे माइक उचलून तोकुजींच्या हातात दिला.

"हिबिनोसान, तुम्ही काढलंय. आता तुम्हीच सांगा."

तोकुजींनी घसा खाकरून कुसुदांकडे तोऱ्यात पाहिलं. "बघ आता, कॉमेंट्री कशी शांत असते ते." आणि खरोखरच, पुढच्या शर्यती त्यांनी हवामानाच्या बातम्या दिल्यासारख्या सांगितल्या.

मग कोहाकूची पाळी आली. ती निघाली. शेवटी होती, पण निघाली. एस-वळणावर तिच्या पायातला बूट निसटला आणि ती थांबली. हनुवटी थरथरली, गुडघे वाकायला लागले. शिओरीनं मैदानाभोवतीची दोरी घट्ट धरली. गेल्या वर्षीही अगदी असंच सुरू झालं होतं.

तेवढ्यात कर्णा कडाडला, "कोहाकू हिबिनो पिटमध्ये येतेय! टायर बदलायला!"

कोहाकूनं मान वर केली. कुसुदांनी मांडीवरचा डबा भिरकावला, दोरीखालून आत घुसले आणि तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. "दे बाळ, पाय दे!"

"कुसुदा पुढचा उजवा बसवतायत! अरे, पट्टी आधी सोड! आधी सोड रे बाबा!"

"तू गप्प बस!" कुसुदा ओरडले.

सगळं मैदान हसत उभं राहिलं. कोहाकूही खुदकन हसली, पाय झटकला आणि सुटली.

"पिटमधून बाहेर! वळण घेतलं! आता सरळ रस्ता! पळ पोरी, पळ पळ पळ!" शांत कॉमेंट्री कधीच हवेत विरली होती. घराला आग लागावी तसे तोकुजी ओरडत होते, रडत होते. पहिलं कोण आलं हे सांगायचं साफ राहूनच गेलं.

कोहाकूनं रेघ ओलांडली आणि थेट शिओरीच्या कुशीत शिरली. "आई, सगळे माझ्याकडे बघत होते!" शिओरीनं लेकीचं नाक पुसलं.

मग ती माफी मागायला उएमात्सुबाईंकडे गेली. त्या मैदानाकडे बघत होत्या. पुढच्या शर्यतीतली दोन पोरं, बूट अगदी धडधाकट असताना, कुसुदांपुढे पाय पुढे करून उभी होती. "आजोबा, टायर!"

"पुढच्या वर्षी," उएमात्सुबाई म्हणाल्या, "पिटसुद्धा आखून घ्या. ऐन वेळेस धावपळ नको."

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर शर्यत होती. शेवटच्या फेरीला कॉमेंट्रीवाला असा किंचाळला की बाळ दचकून जागं झालं. कुसुदांनी वाट पाहिली. शिवी येईना.

"काय रे, आज काही बोलत नाहीस?"

तोकुजींचा आवाज पार बसला होता. आल्याच्या गरम पाण्याचा घोट घेऊन ते कुजबुजले, "ओरडू दे त्याला. मागच्या गाडीत त्याचं कुणीतरी असेल."