तयार कानाचा जावई

जावयाबद्दल बंगळूरमधल्या येलहंक्याच्या व्यंकोजीरावांची एकच अट होती: मुलाचा कान तयार हवा. नोकरी, उंची, स्वभाव हे मुद्दे दुय्यम मानण्यात आले होते. उप्पिट-कॉफी झाली की उमेदवाराला दिवाणखान्यात बसवून एकच बंदिश दोनदा ऐकवली जाई. एकदा स्पीकरला साधी तार जोडून, एकदा परदेशी. ही परदेशी तार मनगटाएवढी जाड होती. तिला जमिनीचा स्पर्श वर्ज्य असल्याने ती सागवानी पाटांवर पहुडलेली असे, आणि तिच्या आसपास केर काढायला त्यांच्या पत्नी सकवारबाईंना मनाई होती. फरक ऐकू न आलेली सगळी स्थळे नापास झाली होती आणि व्यंकोजीरावांची मुलगी रम्या अजून बिनलग्नाची होती.

हेब्बाळच्या कंपनीत काम करणारा पुण्याचा ध्रुव मात्र वेगळा निघाला.

"काका, मला तर दोन्ही सेमच वाटले."

"स्वल्प थांबा," व्यंकोजीराव म्हणाले. "ही तार लोणच्यासारखी मुरलेली आहे. कच्च्या कानाला नाही कळायची."

"मग पडदा लावून बघू या ना. तुम्ही ओळखा."

रम्याला तो तिथल्या तिथे आवडला. तिने आईची म्हैसूर सिल्क दोरीवर टाकली आणि पडद्याआड नाणे उडवून तारा बदलू लागली. व्यंकोजीराव निम्म्या वेळा चुकले. चौकशीअंती साडीची जर दोषी ठरली, कारण ती आवाज खेचते. सुती साडी लावली, तरी चुकलेच. मग मिक्सरवर ठपका आला आणि सकवारबाईंची चटणी अर्धवट राहिली. शेवटी, संशयी माणसापुढे तार बुजते, असा निष्कर्ष निघून ध्रुवला गॅलरीत उभे करण्यात आले.

"हां! आता आला बघा तबला पुढे!" व्यंकोजीरावांनी मांडीवर थाप मारली. "ही परदेशीच!"

"अप्पा," पडद्याआडून रम्या म्हणाली, "मघापासून साधीच लावलीय. तुमची माझ्या हातात आहे."

सकवारबाई तेवढ्यात केरसुणी घेऊन आल्या.

"सरी, ठीक आहे," अखेर व्यंकोजीराव म्हणाले. "मुलगा खरं बोलतो. माझी हरकत नाही."

रम्याला आनंद लपवता येईना.

रविवारी ध्रुवच्या आई, स्मिताताई, पुण्याहून आल्या. त्यांनी रम्याची पत्रिका पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. मुलीला मंगळ होता. मात्र उपाय सोपा होता: रम्याचे लग्न आधी केळीच्या खुंटाशी लावावे, म्हणजे व्हायचे ते अरिष्ट केळीवर जाईल.

"हेही पडद्याआडून बघू या," रम्या म्हणाली. "ओळखीतल्या जोडप्यांच्या पत्रिका नावं झाकून गुरुजींपुढे ठेवू. कुणाचा संसार टिकला, कुणाचा मोडला, त्यांनी सांगावं. काय, ध्रुव?"

ध्रुव खिडकीबाहेर बघू लागला.

"प्रत्येक गोष्टीची टेस्ट नसते गं करायची. आईचं समाधान होईल. एक केळ तर आहे, काय बिघडतं?"

रम्याने त्याच बैठकीत नकार दिला. मग आत जाऊन ती खूप रडली.

मुलगी जरा जास्तच चिकित्सक आहे, यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांचे एकमत झाले आहे. ध्रुवसाठी नवी स्थळे पाहणे सुरू आहे. वाचकांच्या ओळखीत कुणी सुस्वभावी मुलगी असल्यास कृपया कळवावे. मुलगा पूर्णपणे विज्ञाननिष्ठ आहे. पत्रिका जोडा, असे वेगळे सांगायची गरज नाही. ती तुम्ही जोडालच.