पोलिसाला सांगायचं नाव

दुपारची जेवणं झाली की जनाबाई आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेऊ लागल्या, तेव्हा शालिकरामांनी आधी दुर्लक्ष केलं आणि मग दाराला कान लावला.

दारामागे काही लपवण्यासारखं नव्हतं. मुलगा अंकुर आणि सून रितिका स्पेनमध्ये राहत, आणि रितिकाचं बाळंतपण तिथंच, व्हॅलेन्सियात व्हायचं होतं. मात्र अडीअडचणीची स्पॅनिश वाक्यं दोघांनाही आल्याशिवाय ती तिकिटं काढणार नव्हती. "मी दवाखान्यात, अंकुर कामावर. तुम्ही हरवलात तर बोलणार कोण?" शालिकराम हसले होते. "मले हिंदी येते. पुरते तेवढी." त्यांनी पुन्हा हसू नये, म्हणून जनाबाई दार लावत.

"आयुदा," मदत मागायचा शब्द आतून आला. मग हळूच, "मी एस्पोसो से यामा दादाजी."

बाकी कळलं नाही, दादाजी कळले. समोरच्या घरातले, लकडगंजात लाकडाचा धंदा असलेले, विधुर. त्यांच्याकडून दर आठवड्याला लिंबं येत. इतकी लिंबं काहून, हा प्रश्न शालिकरामांना आज पहिल्यांदा पडला. भाषांतरासाठी त्यांनी ते वाक्य मोबाइलला ऐकवलं. मोबाइल शुद्ध मराठीत म्हणाला, "माझ्या नवऱ्याचं नाव दादाजी आहे."

ते तडक समोरच्या घरी गेले आणि दादाजींना पायापासून डोक्यापर्यंत निरखलं.

"काय दादाजी, कुठी जाऊन राहिले का?"

"पासपोर्ट काढाले टाकला गा. श्रीलंका पाहाची हाये."

"श्रीलंकाच?"

"मंग कुठी?"

"मी काहून सांगू? तुमचं तुमाले ठाऊक."

"तब्येत बरी हाये ना? घ्या, वहिनीले लिंबं द्या."

शालिकराम लिंबं तिथंच ठेवून आले.

संध्याकाळी रितिकाचा व्हिडिओ कॉल आला. "विचार तुह्या सासूले," शालिकराम म्हणाले, "तिच्या नवऱ्याचं नाव काय हाये?"

जनाबाईंनी पदर सावरला. "आता त्याइचं नाव मी कशी घेऊ? वाक्यात कोनाचं तरी घालाच लागते. दादाजीचं घातलं."

"आन् दादाजीच काहून?"

"खिडकीतून तेच दिसतात."

"आई, लग्नात घेतलं होतं ना नाव?" रितिका म्हणाली.

"ते उखाण्यात. तिथल्या पोलिसासमोर उखाणा म्हनू का?"

"बाबांना काही झालं, तर डॉक्टर दादाजींच्या नावानं कागद करतील."

हे मात्र जनाबाईंना पटलं. त्यांनी डोळे मिटले. "मी एस्पोसो से यामा शालिकराम." एका दमात नाव घेतलं आणि त्या लाजून भिंतीकडे वळल्या. त्यांच्या वेळच्या बायका अशाच वळत.

शालिकरामांची छाती फुगली. "आता मले विचार."

"आई बाजारात हरवल्या. पोलिसाला काय सांगाल? बायकोला एस्पोसा म्हणायचं."

"सोपं हाये. मी एस्पोसा से यामा..."

गाडी तिथंच अडली. आजवर 'अवं' म्हणूनच भागलं होतं. ते नाव ओठापर्यंत यायचं आणि परत जायचं. त्यांनी घसा खाकरला, पंख्याकडे पाहिलं, आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "अंकुरची माय."

"बाबा, व्हॅलेन्सियात या नावानं कोण शोधेल?"

जनाबाई भिंतीकडून वळल्या. दुपारी शालिकरामांनी दादाजींना निरखलं होतं, तसंच त्यांनी नवऱ्याला नीट निरखून पाहिलं. मग मोबाइल हातात घेतला.

"रितिका, याइले राहू दे घरी. मी एकटीच येतो. हरवली त पोलीस नाव तरी विचारन."